जर्मनचे पातेले

ॲल्युमिनियमच्या भांड्यांना आमच्याकडे बायका 'जर्मनची भांडी' म्हणत. या धातूचा आणि त्या देशाचा संबंध काय, हे माझ्या आईने कधी विचारले नाही. आणि भाषेचा व्यवसाय पत्करीपर्यंत मलाही ते विचारावेसे वाटले नव्हते. तांब्याचे, पितळेचे, काशाचे भांडे घराण्याचे असे. जर्मनचे भांडे केवळ कामाचे. ते सोवळ्यात चालत नसे, रुखवतात मांडले जात नसे, आणि मोडीत घातले तर हाती फारसे काही येत नसे. तरीही रोजचा भात शिजे तो त्यातच.

असे एक मोठे पातेले आईकडे होते. तीन शेर तांदळाचा भात त्यात सहज होई. काठाला एके ठिकाणी पोचा आला होता, आणि त्याच्या खाली टोचून टोचून आईचे नाव घातलेले होते, आरंभी 'सौ.' सह. १९७८ साली वडील गेले. भांड्यावरचे 'सौ.' तसेच राहिले. धातूवर टोचलेले अक्षर पुसता येत नाही. १९८१ साली शिकवण्याच्या नोकरीनिमित्त मी शांतिनिकेतनास जायला निघाले, तेव्हा आईने ते पातेले माझ्या सामानात घातले. "तिकडे सगळे भात खातात," ती म्हणाली, "मोठं भांडं लागेल." मी एकटी राहणार होते. पण बंगाल म्हणजे भात, भात म्हणजे पातेले, हा तिचा तर्क बिनतोड होता. त्याबरोबर एक पितळी पातेलेही आले. पितळी प्रतिष्ठेसाठी आणि जर्मनचे भातासाठी, अशी माझी मांडामांड झाली.

या दोन पातेल्यांपैकी एकाचे पुढे काय झाले, ते सांगण्यासाठी हा लेख आहे. पण त्याआधी तिसऱ्या एका भांड्याविषयी लिहिले पाहिजे. ते मी फार लहानपणी पाहिले, आणि आमच्या घरात त्याचे नाव काढायला बंदी होती.

तो तांब्याचा हंडा होता. आम्ही परळला चाळीत राहत असू. मुंबई राज्यात १९४९ च्या कायद्याने दारूबंदी आलेली होती आणि तिच्यामागोमाग हातभट्टीही. आईचा धाकटा भाऊ गिरणीत होता. त्याने १९५६ च्या पावसाळ्यात पाणी तापवायला म्हणून आमचा हंडा मागून नेला. तो हंडा पुढे एका भट्टीवर सापडला. काळा गूळ आणि नवसागर घालून सडवलेले पाणी त्यात उकळत होते, असे नंतर मोठ्यांच्या बोलण्यातून कानावर आले. पंचनामा झाला, हंडा मुद्देमालात जमा झाला, मामा काही महिने आत जाऊन आला. १९६१ साली तो दारूनेच गेला. त्या दिवसापासून आईने 'दारू' हा शब्द टाकला. दिवाळीतल्या शोभेच्या दारूलासुद्धा ती 'फटाके' म्हणू लागली. कोणी आजारी असले तर शेजारणी 'दवादारू'ची चौकशी करीत. आई फक्त 'औषधपाणी' म्हणे. दारू हा फारसी शब्द, आणि त्याचा मूळ अर्थ औषध असाच आहे, हे मी पुढे शिकले. ते तिला सांगण्याचे धाडस मला झाले नाही. व्युत्पत्तीने शब्दाचा जन्म कळतो. त्याने कोणाच्या घरात काय केले, ते कळत नाही.

शांतिनिकेतनात माझ्याकडे एक संथाळ बाई कामाला येई. मी तिला मासी म्हणे, ती मला दिदिमणि. आमची बोलण्याची भाषा बंगाली. ती दोघींचीही नव्हती, त्यामुळे त्या भाषेत आम्ही सारख्याच अडखळत असू. १९८४ च्या मार्गशीर्षात, धान घरात येण्याच्या सुमारास, मासीने मला एक मोठे भांडे मागितले. पौषात त्यांचा सोहराय येतो. गोठ्यातल्या गुरांचा, कापून आणलेल्या पिकाचा, माहेरी येणाऱ्या लेकींचा तो सण. पाहुणे यायचे होते आणि तिचे जुने भांडे बुडाशी फुटले होते.

देणे तर चांगले द्यावे, म्हणून मी पितळी पातेले पुढे केले. मासीने ते उचलून उजेडाकडे धरले आणि आतून बोट फिरवले. कल्हई कधीच गेली होती. तळाशी पिवळी झाक दिसत होती. "याला टक सोसणार नाही," ती म्हणाली. टक म्हणजे आंबट. मी चमकले. आमच्याकडे बिनकल्हईच्या पितळेत ताक ठेवले की ते कळकते. ही गोष्ट आईने मला समजू लागल्यापासून शिकवली होती. या बाईला ती कोणी शिकवली? पण आंबट काय ठेवायचे आहे, हे मी विचारले नाही. मासीची नजर कोपऱ्यातल्या जर्मनच्या पातेल्यावर गेली होती. "यात तेल कधी तापलं?" तिने विचारले. कधीच नाही, मी म्हणाले, यात केवळ भात झाला. तिने आत नाक घालून वास घेतला, आतल्या करड्या-काळसर थरावरून हात फिरवला, आणि तेच हवे म्हणाली. मी ते घासून चिंचेने लख्ख करून देते म्हटले, तर तिने ते जवळजवळ माझ्या हातातून ओढून घेतले. घासायचे नाही. लख्ख भांडे काय कामाचे?

तिच्या त्या आग्रहाचा अर्थ मला नंतर उमगला. ॲल्युमिनियमवर वापराने जो मळकट थर चढतो, तो त्याचे कवच असतो. आंबट पदार्थ उघड्या धातूला खातो. थर असला तर पुष्कळ अंशी निभावते. फोडणीच्या भांड्याला तेलाचा आणि मसाल्याचा वास धरतो, आणि तो आंबवणाऱ्या पदार्थात उतरतो. म्हणून भाताचे, जुने, न घासलेले भांडे. गृहिणीच्या दृष्टीने जे त्या पातेल्याचे दोष होते, तेच या दुसऱ्या संसारात त्याचे गुण ठरले. त्यात मासी हांडी करणार होती.

हांडी. संथाळीत तांदळाच्या त्या पेयाला हेच नाव आहे. शेजारचे बंगाली लोक त्याला हांडिया म्हणतात. आपल्याकडे हंडी म्हणजे भांडे. पात्राचे नाव पात्रातल्या वस्तूला जावे, ही लक्षणा आपण विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षी शिकवतो; पण आपलेच पातेले लक्षणेच्या वाटेने निघून गेल्याचा अनुभव वर्गात येत नाही. मी ते दिले होते भातासाठी. मासीही म्हणाली होती, भातासाठीच. दोघींपैकी कोणीही खोटे बोलले नव्हते.

पुढे तिच्या अंगणात बसून मी ही कृती पाहिली. जाडा उकडा तांदूळ मोकळा शिजवायचा, शिताची परीक्षा आपल्यासारखीच, पण शीत जरा अंगात जीव धरून असावे लागते. तो चटईवर पसरून निववायचा. मग राणू चुरून घालायचा. राणू म्हणजे तांदळाचे पीठ आणि रानातल्या मुळ्या कुटून केलेल्या, उन्हात वाळवलेल्या पांढुरक्या गोळ्या, बंगालीत बाखर. भाताला तो हाताने सारखा लावून भात भांड्यात भरायचा, वर पाने, थंडीत भोवती पेंढा. उन्हाळ्यात तीन दिवस, हिवाळ्यात पाच किंवा अधिक. भांड्याला कान लावला तर आत बारीक फसफस ऐकू येते. पुरेसे झाले की पाणी घालून गाळायचे.

यवाच्या बिअरमध्ये आधी धान्याला मोड आणतात, आणि त्या मोडातली द्रव्ये पिठाची साखर करतात. मग किण्व त्या साखरेचे मद्य करते. हांडीत मोड नाहीत. राणूतली बुरशी भाताची साखर करीत जाते आणि त्याच वेळी त्यातलेच किण्व ती साखर आंबवत जाते. दोन्ही कामे एका भांड्यात, एका झाकणाखाली. 'किण्व' हा आज आपल्या विज्ञानाच्या परिभाषेत रुळलेला शब्द अर्थशास्त्राच्या सुराध्यक्ष प्रकरणातला आहे. तांदळापासून किण्व घालून करायच्या मेदकाचे प्रमाण तिथे दिले आहे, आणि काही कार्यांच्या प्रसंगी कुटुंबांना घरी सुरा करण्याची मोकळीकही. पुढे १९०९ च्या बंगाल अबकारी कायद्याने आंबवलेल्या भाताची व्याख्या 'पचवाई' या नावाखाली केली. राज्य कोणाचेही असो, बायकांच्या या भांड्यात त्याला डोकावून पाहावेच लागले.

संथाळांच्या उत्पत्तिकथेतही हे भांडे आहे. पिलचू हाडाम आणि पिलचू बूढी ही आदिम जोडी. मारांग बुरूने त्यांना राणू आणि हांडी करायला शिकवले. ती पिऊन ती दोघे पतिपत्नी झाली, आणि त्यांच्यापासून माणसे झाली. एका संथाळ गुरूने सांगितलेली आणि स्क्रेफ्सरूड या मिशनऱ्याने टिपलेली ही परंपरा १८८७ मध्ये ग्रंथरूपाने छापली गेली. इतर कथांत असल्या पेयाने माणसाचे पतन होते; इथे त्याने माणसाचा वंश सुरू होतो. म्हणून जन्म, लग्न, मरण, कशातही हांडीवाचून चालत नाही, आणि पिण्याआधी चार थेंब जमिनीवर सांडावे लागतात, मारांग बुरूसाठी आणि पूर्वजांसाठी.

हे सारे वाचलेले, पाहिलेले माझ्याजवळ होते. पण १९८५ च्या जानेवारीत आई माझ्याकडे राहायला आली, तेव्हा त्यातले काहीच कामाला आले नाही. दुसऱ्याच दिवशी तिने फळीवरची मोकळी जागा पाहिली.

"मोठं जर्मनचं पातेलं कुठाय?"

"मासीला दिलं. तिच्याकडे पाहुणे येणारेत."

"भाताला?"

"हो."

आई समाधान पावली. मी ज्ञानाच्या व्यवसायात असूनही एका शब्दाच्या आड लपले होते. दोन दिवसांनी मासीच सोहरायचे बोलावणे घेऊन आली. घरात दिदिमणीची आई आलेली पाहून तिने वाकून जोहार केला आणि आनंदाने सांगितले की मांच्या भांड्यातली हांडी फार उत्तम लागली आहे, मांनी यायलाच हवे. मी हे मराठीत काय सांगणार? मी म्हणाले, "पातेल्यात तिनं सणाचं काही केलंय, बघायला बोलावतेय." आईला बंगाली येत नव्हते, पण तिला मी येत होते. "काय केलंय?" तिने विचारले. माझ्या तोंडाशी पहिला शब्द आला तो दारू. तो मी गिळला. बिअर म्हणावे, तर तो परका. मद्य, तर तो पोथीतला. आंबवण म्हणावे, तर आपले आंबोण गुरांपुढे ठेवायचे. नासणे, विटणे, आंबणे, कळकणे, मुरणे, विरजणे: अन्न स्वस्थ न बसता बदलू लागते, त्यासाठी मराठीत किती क्रियापदे आहेत, आणि प्रत्येकात निवाडा आधीच दिलेला आहे! शेवटी मी म्हणाले, "भात आंबवून त्याचं पाणी करतात. चढतं." आई पुढे काही बोलली नाही. संक्रांतीच्या आदल्या दिवशी मात्र तिने तिळगुळाची पुडी बांधली आणि म्हणाली, "चल, बघून येऊ."

मासीचे अंगण शेणामातीने नुकते सारवलेले होते. पडवीत, पेंढ्याच्या बैठकीवर, पानांचे झाकण घेऊन आईचे पातेले बसले होते. नाव घातलेली बाजू आमच्याकडेच होती. आईने वाकून ते वाचले. स्वतःचे नाव वाचायला इतका वेळ लागू नये, इतका वेळ. शेजारी एक लहान मातीची हांडी होती. बोंगांसाठी मातीची, माणसांसाठी ही, असे मासीने सांगितले. आईने पानांवर हात ठेवला. भांडे कोमट होते.

"खाली विस्तव नाही आणि कोमट?" तिने मला विचारले. मी मासीला विचारले. मासीने आतून राणूची एक गोळी आणून आईच्या तळहातावर ठेवली. गोळी कशी करतात, हे आईला हवे होते. मी एकेक वाक्य इकडून तिकडे नेत होते. पीठ, मुळ्या, पाणी. आणि वळून झाल्यावर नव्या गोळ्यांवर जुन्या गोळीची पूड भुरभुरायची, नाही तर त्या लागत नाहीत. जुनी कोठून आली? सासूकडून. सासूला? तिच्या सासूकडून, नाही तर शेजारणीकडून.

"म्हणजे विरजण," आई म्हणाली.

इतका वेळ मी कोशांत आणि ग्रंथांत शोधीत असलेला शब्द तिने तिळगुळाच्या पुडीची गाठ सोडता सोडता उच्चारला. आमच्या घरी विरजणाचे मडके साबणाने धूत नसत, आणि तिन्हीसांजेनंतर विरजण कोणाला देत नसत. ते एका घरातून दुसऱ्या घरात जाई तेव्हा काहीतरी जिवंत हातातून हातात जात आहे, हे बायकांना ठाऊक होते. राणूचे भाषांतर 'विरजण' असे कोणताही शास्त्रज्ञ करणार नाही. तांत्रिकदृष्ट्या ते सदोषच आहे. पण त्या शब्दात निवाडा नव्हता, नाते होते.

मासीने पानाच्या द्रोणात हांडी गाळली आणि चार थेंब जमिनीवर सांडले. आईने द्रोण हातात घेतला, वास घेतला आणि माझ्याकडे दिला. मी ती आईसमोर प्याले. ताकाच्या निवळीसारखी आंबट, शेवटी किंचित गोड, घशात हलकी ऊब. आईने मासीच्या हातावर तिळगूळ ठेवला. 'गोड बोला' मात्र म्हणाली नाही, कारण ते सांगायला भाषा नव्हती.

परतताना खोआईच्या लाल मातीतून आम्ही बराच वेळ न बोलता चाललो. मग आई म्हणाली, "तो हंडा मी दिला होता."

मला आधी कळले नाही.

"पाणी तापवायला, असं तो म्हणाला खरं. पावसाळ्यात एकट्या माणसाला हंडाभर पाणी कशाला लागतं? मला ठाऊक होतं. त्याच्यावर देणं झालं होतं. मी म्हटलं, दोन पैसे मिळतील, फेडील. मीच कोनाड्यातून काढून दिला."

अठ्ठावीस वर्षे ती हे एकटीने बाळगून होती. ती एक शब्द टाळीत नव्हती. स्वतःची एक कृती त्या शब्दाच्या मागे लपवीत होती. मला तिला सांगावेसे वाटले की हंडा दिला नसता तरी मामाने दुसरा मिळवला असता, की भट्टीतून काढलेली विषारी दारू निराळी आणि हे निराळे. पुष्कळ काही खरे सांगता आले असते. मी एवढेच म्हणाले, "मीही पातेलं तुला न सांगता दिलं."

"तू सांगितलंस की. भाताला म्हणालीस." आणि थोडे चालून, "वाण दिलं म्हणायचं. संक्रांतीला भांडं गेलं घरातून. माझ्या हातून कोणी वाण घेत नाही आता. माझ्या नावाचं गेलं, बरं झालं."

ही गोष्ट इथे संपवली तर ती गोड होईल, आणि खोटी होईल. हांडी निर्दोष आहे, असे मला म्हणायचे नाही. मासी पुढे त्याच पातेल्यातून शनिवारच्या हाटात हांडी विकू लागली. त्या पैशात धाकट्या मुलाच्या शाळेची पुस्तके आली. तोच मुलगा मोठा झाल्यावर चोलाईच्या, म्हणजे चोरट्या भट्टीच्या, नादी लागला आणि १९९६ मध्ये गेला. मी भेटायला गेले तेव्हा पातेले पडवीत पालथे होते. माझी नजर त्याच्यावर गेलेली मासीने पाहिली. "हांडी बसून पितात, दिदिमणि," ती म्हणाली, "थेंब सांडून, चार माणसांत. चोलाई तो उभ्याने प्याला." त्याच्या श्राद्धाला तिने पुन्हा भात शिजवला, राणू लावला, आणि पहिले थेंब त्याच्या नावाने सांडले. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसे गेल्याचे वाचले, तेव्हा मला मामाच्या आधी मासीचे ते वाक्य आठवले. ते वाक्य म्हणजे उपाय नव्हे. दोन गोष्टींना एकच नाव देऊ नये, एवढाच त्याचा अर्थ. आणि आपला व्यवसाय तरी याहून वेगळा काय आहे?

२००३ च्या घटनादुरुस्तीने संथाळी आठव्या अनुसूचीत आली. आता तिच्यातून मराठीत आणि मराठीतून तिच्यात भाषांतरे व्हावीत, असे आपण परिसंवादांतून म्हणतो. एखादा तरुण भाषांतरकार माझ्याकडे येतो आणि 'हांडी'ला मराठी प्रतिशब्द विचारतो. मी त्याला सांगते, हांडीच ठेव. आणि राणूपाशी अडलास तर स्वयंपाकघरात जाऊन विचार.

आई १९९१ साली गेली. दारू हा शब्द ती शेवटपर्यंत उच्चारल्याचे मला आठवत नाही. परंतु गावी परतल्यावर तिने मला जे पहिले पत्र पाठवले, ते माझ्याजवळ आहे. हवापाणी, गुडघे, शेजारणीच्या मुलीचे लग्न, असा सारा मजकूर झाल्यावर, कार्डाच्या कडेला आडवे, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखे, तिने लिहिले आहे: पातेल्याच्या पोच्याशी धातू पातळ झाला आहे, भोक पडले तर त्या बाईला डाग लावून दे, पैसे मी पाठवीन.